रायझन ९८००एक्स३डी आणि त्याची भावंडं: चौरस मिलिमीटरचा हिशेब

एएमडीच्या रायझन ७ ९८००एक्स३डी या प्रोसेसरची जाहिरात वाचली तर आठ कोअर (आकडेमोड करणारे भाग), ५.२ गिगाहर्ट्झ आणि १०४ एमबी कॅश (प्रोसेसरमधलीच छोटी, वेगवान मेमरी) एवढं कळतं. त्याच पिढीतल्या ९७००एक्समध्येही आठच कोअर आहेत, तो ५.५ गिगाहर्ट्झपर्यंत जातो आणि बाजारात आला तेव्हा १२० डॉलरने स्वस्त होता. कागदावर तोच सरस दिसतो. तरीही गेममध्ये आणि काही प्रकारच्या सिम्युलेशनमध्ये ९८००एक्स३डी त्याला सरळ मागे टाकतो. दोघांतला फरक मुख्यतः एकाच गोष्टीचा आहे: सिलिकॉनवरची जागा कशासाठी खर्च केली. म्हणून हे परीक्षण एफपीएसच्या (सेकंदाला किती फ्रेम) तक्त्यांऐवजी चौरस मिलिमीटरच्या बाजूने लिहिलं आहे. जागेचा हिशेब कळला की हा प्रोसेसर कुठे पळेल आणि कुठे पैसे वाया जातील, हे तक्ता न बघताही सांगता येतं.

आधी ते १०४. ही एल२ आणि एल३ कॅशची बेरीज आहे, आणि ती करायला नको होती. आठ कोअरना प्रत्येकी १ एमबी एल२ असते. ती त्या-त्या कोअरची खासगी, शेजाऱ्याला तिचा उपयोग नाही. सगळ्यांना सामायिक असते ती एल३, आणि ती ९६ एमबी आहे: कोअर ज्या तुकड्यावर आहेत त्यावर ३२, आणि त्याला चिकटवलेल्या वेगळ्या तुकड्यावर ६४. ९७००एक्समध्ये फक्त पहिले ३२. विकत घेताना बघायचा आकडा ९६ हाच.

जागा कोणाकडे किती

नेमके आकडे आधीच्या पिढीचे, म्हणजे झेन ४चे (९८००एक्स३डी झेन ५चा), जास्त उघड झालेले आहेत. ७८००एक्स३डी त्याच पिढीचा, त्यामुळे हिशेब त्यावरच मांडू. कोअर असलेला तुकडा, ज्याला एएमडी सीसीडी म्हणते, तो टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या ५ नॅनोमीटर प्रक्रियेवर बनतो. त्याचं क्षेत्रफळ ६६.३ चौरस मिमी आणि त्यात सुमारे ६.५७ अब्ज ट्रान्झिस्टर. एक कोअर त्याच्या १ एमबी एल२सकट ३.८४ चौरस मिमी घेतो. आठांचे झाले ३०.७. म्हणजे ज्याला आपण 'प्रोसेसर' म्हणतो, जो खरोखर बेरीज-वजाबाकी करतो, तो त्याच्याच तुकड्याच्या निम्म्याहून कमी जागेत मावतो. उरलेल्या ३५.६ चौरस मिमीमध्ये ३२ एमबी एल३, इतर तुकड्यांशी बोलणारी जोडणी, वीजव्यवस्थापन आणि चाचणीसाठीची मंडलं.

या ३.८४ मध्येही सगळी जागा 'कामाची' नाही. तिचा मोठा भाग घड्याळवेगाची किंमत आहे. याचा पुरावा एएमडीनेच दिला. झेन ४सी हा कोअर आराखड्याने झेन ४च आहे, त्याच सूचना चालवतो, एल२ही तेवढीच. पण कमी वेगाचं लक्ष्य ठेवून तो पुन्हा मांडला, तर ३.८४चे २.४८ चौरस मिमी झाले. पस्तीस टक्के जागा सुटली. वेग वाढवायचा तर मोठे, जास्त प्रवाह देणारे ट्रान्झिस्टर लागतात, लांब तारांवर मधे-मधे बफर बसवावे लागतात, तारांमध्ये अंतर ठेवावं लागतं. डेस्कटॉपचा कोअर म्हणजे शेवटच्या हजारेक मेगाहर्ट्झसाठी मोजलेली जागा. हे एकदा लक्षात आलं की पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो: तेवढीच जागा दुसरीकडे लावली तर?

प्रोसेसरच्या झाकणाखाली आणखी एक तुकडा असतो, आयओ डाय. मेमरी कंट्रोलर, पीसीआय एक्सप्रेस, यूएसबी आणि दोन छोटी ग्राफिक्स युनिटं त्यात असतात. हा ६ नॅनोमीटरवर बनतो, जवळपास १२० चौरस मिमीचा, म्हणजे सीसीडीच्या पावणेदोनपटीहून थोडा मोठाच. पण ट्रान्झिस्टर फक्त ३.४ अब्जांच्या आसपास. चौरस मिलिमीटरला २.८ कोटी. सीसीडीवर हेच प्रमाण ९.९ कोटी आहे. कारण साधं आहे. मदरबोर्डवरच्या मेमरीपर्यंत संकेत ढकलणारी अॅनालॉग मंडलं प्रक्रिया बारीक झाली म्हणून लहान होत नाहीत; त्यांना ठरावीक प्रवाह लागतो आणि बाहेर जोडणारे बंप ठरावीक अंतरावरच बसतात. अशा गोष्टींवर महागडं ५ नॅनोमीटर सिलिकॉन खर्च करणं म्हणजे उधळपट्टी. त्या वेगळ्या, स्वस्त तुकड्यावर हलवणं हा एएमडीने घेतलेला फार शहाणपणाचा निर्णय होता. ७००० आणि ९००० या दोन्ही मालिकांत हाच आयओ डाय वापरला आहे. त्याचा एक तोटा मात्र गिऱ्हाइकाने जाणून घ्यावा: मेमरीकडे जाणारी प्रत्येक मागणी एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जाते, म्हणून रॅमपर्यंतचा फेरा लांबतो. एएम५ (या प्रोसेसरांचं सॉकेट) बोर्डावर तो साधारण ७० ते ८० नॅनोसेकंदांचा असतो. ५ गिगाहर्ट्झला ७० नॅनोसेकंद म्हणजे ३५० सायकल, घड्याळाचे ठोके. एवढा वेळ ती सूचना, आणि बहुतेकदा तिच्यामागची रांगही, खोळंबून राहते. मोठी एल३ याच खोळंब्यावर उपाय आहे.

६४ एमबीला किती जागा लागते

कॅश ज्या मेमरीची बनते त्या एसरॅमच्या एका बिटला सहा ट्रान्झिस्टर लागतात. ६४ एमबी म्हणजे ५३.७ कोटी बिट, म्हणून ३.२२ अब्ज ट्रान्झिस्टर फक्त साठवणीला. ७८००एक्स३डीच्या कॅश तुकड्यात एकूण ४.७ अब्ज आहेत. वरचे दीड अब्ज पत्ते ओळखणारे टॅग, चूक दुरुस्त करणारे जादा बिट, डिकोडर, संकेत वाचणारे सेन्स अॅम्प्लिफायर आणि बिघडलेल्या ओळींना बदली म्हणून ठेवलेल्या राखीव ओळी यांचे.

आता जागा. हा तुकडा ७ नॅनोमीटरवर बनतो आणि टीएसएमसीच्या त्या प्रक्रियेतल्या सर्वांत दाट बिटसेलचं, म्हणजे एक बिट साठवणाऱ्या घराचं, क्षेत्रफळ ०.०२७ चौरस मायक्रॉन आहे. गुणाकार केला तर १४.५ चौरस मिमी येतात. प्रत्यक्ष तुकडा आहे ३६ चौरस मिमीचा. घर बघायला गेल्यावर कार्पेट आणि बिल्टअपचा जो फरक समोर येतो, तोच हा. पण इथला जिना, लिफ्ट आणि पॅसेज काढून टाकता येत नाहीत: वर सांगितलेली मंडलं आहेत आणि दोन तुकड्यांना उभ्या जोडणाऱ्या तांब्याच्या खांबांची जागाही आहे. चाळीस टक्के 'कार्पेट' हे खरं तर चांगलं प्रमाण आहे. याच आकाराची पहिल्या पिढीतली कॅश, ५८००एक्स३डीवरची, ४१ चौरस मिमी घेत होती. प्रक्रिया तीच ठेवून फक्त मांडणी सुधारून पाच चौरस मिमी वाचवले, ही अभियंत्यांची खरी कमाई आहे आणि तिचं म्हणावं तितकं कौतुक झालं नाही.

कोअर ५ नॅनोमीटरवर असताना कॅश ७ वर का ठेवली, असा प्रश्न पडतो. ५ नॅनोमीटरवर तोच बिटसेल ०.०२१ चौरस मायक्रॉनचा होतो, आणि ३ नॅनोमीटरच्या एन३ई प्रक्रियेवरही ०.०२१च राहतो. गणिताची मंडलं पिढीगणिक आकसत गेली, एसरॅम जवळजवळ थांबली. वेफरची, म्हणजे ज्या सिलिकॉनच्या चकतीवर चिप बनतात तिची, किंमत मात्र प्रत्येक पायरीला चढते. त्यामुळे कॅशसाठी जुनी, रुळलेली प्रक्रिया हीच किफायतशीर.

हीच ६४ एमबी कोअरच्याच तुकड्यावर शेजारी पसरली असती तर? समजा तेवढीच ३६ चौरस मिमी लागली असती. तुकडा १०२ चौरस मिमीचा झाला असता. ३०० मिमी वेफरवर ६६.३ चौरस मिमीचे सुमारे ९८० तुकडे बसतात, १०२चे ६२५. दर चौरस सेंटिमीटरला ०.१ दोष धरला, तर चांगले निघणारे अनुक्रमे सुमारे ९२० आणि ५६५. पण खरी अडचण याहून वेगळी आहे. हाच सीसीडी एपिक या सर्व्हर प्रोसेसरमध्येही जातो, जिथे बहुतेकांना एवढी एल३ नको असते; सगळ्यांच्या माथी ती जागा मारावी लागली असती. शिवाय कॅश आडवी पसरली की तारा लांबतात आणि प्रत्येक वाचनाला उशीर होतो. उभी चिकटवल्यावर वरचा मजला काही दशक मायक्रॉनांवर येतो. पहिल्या पिढीत एल३चा विलंब ४६ सायकलवरून फक्त चारेक सायकलने वाढला. तिप्पट कॅशसाठी चार सायकल ही किंमत नगण्य आहे. जोडणीत सोल्डर नाही. तांब्याला तांबं थेट चिकटतं, दोन जोडांत ९ मायक्रॉन अंतर.

मजला वर की खाली

एक्स३डीच्या, म्हणजे चिकटवलेल्या कॅशच्या प्रोसेसरांच्या, तीन पिढ्या ओळीने बघितल्या तर सगळी गोष्ट उष्णतेची आहे.

५८००एक्स३डी, एप्रिल २०२२, ४४९ डॉलर. कॅशचा तुकडा सीसीडीच्या वर, मधल्या एल३ भागावर. दोन्ही बाजूंचे कोअर उघडे राहू नयेत आणि उंची सारखी व्हावी म्हणून त्यांच्यावर कोरं सिलिकॉन चिकटवलेलं. सिलिकॉन स्वतः उष्णता बरी वाहून नेतं, पण चिकटवलेला प्रत्येक सांधा अडथळाच. तापणारा कोअर तळाशी आणि त्यावर हे पांघरूण. शिवाय कॅशच्या तुकड्याला जास्त व्होल्टेज सोसत नाही, म्हणून कमाल व्होल्टेज १.३५वर बांधलेलं. परिणाम: साधा ५८००एक्स ३.८ ते ४.७ गिगाहर्ट्झ, हा ३.४ ते ४.५. गुणक (घड्याळवेग ठरवणारा आकडा) कुलूपबंद, ओव्हरक्लॉकिंग म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेग देणं नाही. तरीही १०८०पी गेममध्ये बारा कोअरच्या ५९००एक्सपेक्षा सरासरी १५ टक्के वेगवान असल्याचा एएमडीचा दावा होता, आणि तो टिकला.

७८००एक्स३डी, एप्रिल २०२३, किंमत तीच. मांडणीही तीच, कॅश वरच, ४.२ ते ५.० गिगाहर्ट्झ. तापमानाची मर्यादा ८९ अंश. हा प्रोसेसर विजेच्या बाबतीत विलक्षण काटकसरी आहे, कारण त्याला जास्त वीज खाऊच दिलेली नाही. टीडीपी (उष्णतेची अधिकृत पातळी) १२० वॅट लिहिलेला असला तरी प्रत्यक्षात तो तिथवर क्वचितच पोचतो.

९८००एक्स३डी, ७ नोव्हेंबर २०२४, ४७९ डॉलर. इथे मजले उलटे केले. कॅश खाली, कोअर वर, झाकणाच्या बाजूला. आता कोअरला लागणारी सगळी वीज आणि बाहेर जाणारे सगळे संकेत कॅशच्या तुकड्यातून भोकं पाडून वर न्यावे लागतात. खालच्या तुकड्यावर ही जागा सोडणं हे अवघड काम, आणि ते जमवलं. मोबदल्यात उष्णतेचा अडथळा ४६ टक्क्यांपर्यंत घटल्याचं एएमडी सांगते. मूळ वेग ४.२वरून ४.७ गिगाहर्ट्झ झाला, गुणकाचं कुलूप निघालं, मर्यादा ९५ अंश झाली. गेममध्ये ७८००एक्स३डीपेक्षा सरासरी ८ टक्के पुढे, हाही एएमडीचाच आकडा. पण खरा फायदा गेमबाहेर दिसतो: आठही कोअर एकदम राबवणाऱ्या कामात आधीचे दोघे जिथे मार खायचे, तिथे हा सरळ झेन ५च्या जातीने चालतो. आधी 'गेमसाठी एक्स३डी, कामासाठी दुसरा' असं सांगावं लागायचं. आता आठ कोअर पुरत असतील तर ते सांगायची गरज उरली नाही.

कुठे पळतो, कुठे नाही

जागेबद्दल दोन ढोबळ नियम चिप आखणाऱ्यांच्या तोंडी असतात, आणि गंमत अशी की दोन्हींत वर्गमूळच आहे. इंटेलच्या फ्रेड पोलॅक यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम म्हणतो की कोअरची जागा दुप्पट केली तर त्याचा वेग दुपटीने नव्हे, सुमारे १.४ पटच वाढतो. कॅशचा नियम म्हणतो की कॅश दुप्पट केली तर चुकणारे शोध १.४ पटीने घटतात. ३२ची ९६ एमबी, म्हणजे तिप्पट. तीनचं वर्गमूळ १.७३, चुकणारे शोध साधारण ४२ टक्क्यांनी कमी. हा झाला सरासरीचा नियम. प्रत्यक्षात मात्र पायऱ्या असतात, आणि खरेदी त्या पायऱ्यांवरच ठरते.

प्रोग्राम पुन्हा-पुन्हा चाळतो तो डेटा २० एमबीचा असेल, तर तो ३२ एमबीतही मावतो आणि वरच्या ६४चा उपयोग शून्य. ६० एमबीचा असेल, तर ३२वाल्याची सतत हेलपाटे घालून दमछाक आणि ९६वाला सगळं घरात ठेवून मोकळा. इथे फरक डोळ्यांत भरतो. डेटा काही जीबींचा आणि एकदाच वाचून पुढे जाणारा असेल, तर दोघे सारखेच. झेनची एल३ प्रामुख्याने एल२मधून हाकललेल्या ओळी ठेवते. पुन्हा कधीच न लागणाऱ्या ओळी तिने कितीही जपल्या तरी व्यर्थ. व्हिडिओ एन्कोडिंग, फाइल दाबणं-उघडणं, ब्लेंडरमधलं रेंडरिंग यांत कॅशने फारसा फरक पडत नाही तो यामुळे. त्या कामांना कोअर लागतात. याउलट फॅक्टोरिओमधला वाढलेला कारखाना, मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर, असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओनीत भरलेलं मैदान: हजारो छोट्या वस्तूंची स्थिती दर फ्रेमला चाळायची, आणि ती चाळण विखुरलेल्या पत्त्यांवर. एक्स३डीसाठी याहून चांगलं काम नाही.

गेमिंगचा एक पोटनियम विसरू नका. ४के रिझोल्यूशनला मधल्या फळीचं ग्राफिक्स कार्ड लावलं असेल, तर अडथळा कार्डाचा आहे. तिथे ९८००एक्स३डी आणि रायझन ५ ७६०० यांत बहुतेक वेळा हाताला लागेल असा फरक नसतो. वाचलेले पैसे कार्डात घाला. १०८०पीला २४० हर्ट्झचा मॉनिटर असेल, किंवा सिम्युलेशनचे गेम असतील, तर मात्र बिनदिक्कत हाच.

पुण्या-बंगळुरूत चिप व्हेरिफिकेशन करणाऱ्यांना यात वेगळा रस असेल. हीच चिकटवलेली कॅश मिलान-एक्स या सर्व्हर प्रोसेसरमध्ये ७६८ एमबीपर्यंत गेली. सोळा कोअरच्या तशा सर्व्हरवर सिनॉप्सिसच्या व्हीसीएस या सिम्युलेटरमध्ये ताशी २४.४ ऐवजी ४०.६ कामं उरकल्याचं एएमडीने दाखवलं होतं. आरटीएल (चिपचं कोडमधलं वर्णन) सिम्युलेशन म्हणजे मोठ्या डिझाइनची स्थिती पुन्हा-पुन्हा चाळणं. फॅक्टोरिओच्याच जातीचं काम. सॉफ्टवेअरचे परवाने कोअरवर मोजले जात असतील, तर कोअर न वाढवता वेग वाढणं ही फार मोठी बचत.

इंटेलने जागा कशी वाटली

तुलनेला कोअर आय९-१४९००के घ्या. सुमारे २५७ चौरस मिमीचा एकसंध तुकडा. आठ मोठे कोअर, सोळा लहान, ३६ एमबी एल३ आणि ग्राफिक्स. चार लहान कोअरचा गट त्यांच्या एल२सकट साधारण एका मोठ्या कोअरएवढी जागा घेतो. म्हणजे सोळा लहान कोअर चार मोठ्यांच्या जागेत बसले. पोलॅकच्या नियमाचा हा सरळ आणि योग्य वापर आहे: जिथे काम वाटून देता येतं, तिथे चार लहान कोअर एका मोठ्याला सहज हरवतात. दिवसभर रेंडर किंवा कंपाइल करणाऱ्याला ही वाटणी एक्स३डीपेक्षा जास्त उपयोगी आहे, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. किंमत विजेची: कमाल २५३ वॅट.

इंटेलच्याच १२व्या पिढीने मात्र जागा वाया कशी जाते तेही दाखवलं. मोठ्या कोअरमध्ये एव्हीएक्स-५१२ची (एकदम ५१२ बिटांवर काम करणाऱ्या सूचनांची) मंडलं बनवलेली होती, लहान कोअरमध्ये नव्हती. दोघांना एकच सूचनासंच हवा म्हणून ती बंदच केली. सिलिकॉन छापलं, वापर नाही. एएमडीने झेन ४मध्ये तेच काम २५६ बिटांच्या मंडलांना दोनदा फिरवून केलं आणि जागा वाचवली. डेस्कटॉपच्या झेन ५मध्ये पूर्ण ५१२ बिटांची रुंदी दिली.

जोडणी करताना

९८००एक्स३डी जुन्या ६०० मालिकेच्या बोर्डावर चालतो, पण त्याला ओळखणारा बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) आधी टाकलेला हवा. लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन बोर्ड घेताना बायोस फ्लॅशबॅकचं बटण आहे का ते बघा. असेल तर प्रोसेसर न लावता पेन ड्राइव्हवरून बायोस टाकता येतो. नसेल तर दुकानदाराकडूनच टाकून घ्या.

रॅम १६ जीबीच्या दोन कांड्या, डीडीआर५-६०००, सॉकेटपासून मोजल्यास दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. चार कांड्या लावू नका. अधिकृत वेग ३६००वर उतरतो. बायोसमध्ये एक्स्पो (रॅमला तिचा जाहीर वेग लावणारी सोय) चालू करा आणि मेमरी कंट्रोलर रॅमच्या बरोबरीने, १:१, चालतोय ना ते तपासा. सीएल३० आणि सीएल३६ (रॅमचा विलंब, कमी तो बरा) यांमधल्या किमतीचा फरक मोठा असेल तर सीएल३६ खुशाल घ्या. कॅश मोठी असल्याने रॅमच्या वेगाचा परिणाम इथे साध्या रायझनपेक्षा कमी होतो, तेवढी बचत एक्स३डीने आधीच करून दिली आहे. पहिल्यांदा सुरू केल्यावर पडदा काही मिनिटं काळा राहतो. मेमरी ट्रेनिंग चालू असतं. घाबरून वीज बंद करू नका, नाहीतर ते पुन्हा पहिल्यापासून.

एक्स्पो चालू केल्यावर एसओसी व्होल्टेज (मेमरी कंट्रोलरच्या भागाला मिळणारं) नक्की बघा. २०२३च्या वसंतात काही बोर्डांनी ते बेसुमार चढवल्याने ७८००एक्स३डी जळाले होते. त्यानंतर एएमडीने १.३ व्होल्टची मर्यादा घातली. जुना बायोस असलेला वापरलेला बोर्ड घेतला असेल, तर आधी बायोस, मग एक्स्पो. ६०००ला १.२० ते १.२५ व्होल्ट पुरतात.

कर्व्ह ऑप्टिमायझर, म्हणजे कोअरचं व्होल्टेज थोडं उतरवणारी बायोसमधली सोय, सगळ्या कोअरना उणे १५वर ठेवून सुरुवात करा, जमल्यास उणे २०. अस्थिरता भार पडल्यावर नाही, तर बहुधा संगणक रिकामा असताना दिसते. कमी भाराला एकच कोअर सर्वोच्च वेगाला जातो आणि व्होल्टेज अपुरं पडतं. म्हणून नुसता रेंडरचा ताण देऊन 'पास' म्हणू नका, रात्रभर रिकामा ठेवून बघा.

कूलरला दोन मनोऱ्यांचा चांगला एअर कूलर पुरतो. सीसीडी झाकणाच्या बरोबर मधे नसतो, एका कडेला असतो. काही कूलरसोबत ७ मिमी सरकवून बसवायच्या पट्ट्या येतात, त्या वापरल्या तर दोन-तीन अंश मिळतात. तापमानाचा हिशेब खोलीपासून धरा. एखादा कूलर खोलीपेक्षा ५० अंश वर ठेवत असेल, तर पुण्यात जानेवारीतल्या २५ अंशांना ७५ होतात. नागपूर-चंद्रपुरात मे महिन्यात बिना-एसीच्या खोलीत ४० असतील, तर तोच कूलर ९०ला जातो आणि ७८००एक्स३डी आपली ८९ची मर्यादा गाठून वेग उतरवतो. बिघाड नव्हे, संरक्षण आहे ते. पण विदर्भातल्या गिऱ्हाइकाने कूलर एक पायरी वरचा घ्यावा.

सोळा कोअरचे ७९५०एक्स३डी आणि ९९५०एक्स३डी घेणाऱ्यांनी एक गोष्ट समजून घ्यावी. त्यांत दोन सीसीडी असतात आणि चिकटवलेली कॅश एकावरच. गेम कुठल्या सीसीडीवर चालवायचा हे विंडोज, चिपसेट ड्रायव्हर आणि गेम बार मिळून ठरवतात. चिपसेट ड्रायव्हर टाकलाच नाही, किंवा आठ कोअरचा प्रोसेसर काढून त्याच विंडोजवर हा लावला, तर गेम चुकीच्या बाजूला जातो आणि महागडा प्रोसेसर साध्यासारखा वागतो. निव्वळ गेमिंगसाठी आठ कोअरचाच घ्या, ही कटकटच नको.

कोणता घ्यावा

नवीन जोडणी आणि खिशाला झेपत असेल तर ९८००एक्स३डी. गेमसोबत इतर कामही करणाऱ्याला यात तडजोड जवळजवळ नाही. ७८००एक्स३डी बऱ्यापैकी स्वस्त मिळाला तर केवळ गेमसाठी तो अजूनही उत्तम. वीज आणि उष्णता दोन्ही कमी, आणि बोर्ड, रॅम तेच. दिवसाचे आठ तास रेंडरिंग असेल तर दोन्ही सोडा आणि कोअर मोजा.

एएम४ या आधीच्या सॉकेटचा बोर्ड असलेल्यांसाठी जानेवारी २०२४मध्ये आलेला ५७००एक्स३डी, २४९ डॉलर, ३.० ते ४.१ गिगाहर्ट्झ. कॅश तीच ९६ एमबी, वेग थोडा कमी. बी४५० बोर्ड आणि डीडीआर४ तशीच ठेवून एवढी उडी दुसऱ्या कशाने मिळत नाही. आता तो बहुधा वापरलेलाच मिळेल. घेताना उलटा करून पिना प्रकाशात तिरप्या बघा. एएम४मध्ये पिना प्रोसेसरला असतात आणि एखादी वाकलेली असली तर बहुधा एका चॅनलची रॅम दिसत नाही. विकणाऱ्यासमोर बोर्डावर लावून दोन्ही कांड्या ओळखल्या जातात का आणि एल३ ९६ एमबी दिसते का, एवढं बघून मगच पैसे द्या. आणि स्वतःचा जुना प्रोसेसर काढण्यापूर्वी संगणक दहा मिनिटं भार देऊन तापवा, बंद करा, वायर काढा आणि कूलर सरळ वर न ओढता आधी डावी-उजवीकडे हलकेच पिळा. थंड पेस्ट गोंदासारखी धरते आणि खटका लावलेला असतानाही प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो.